बावीस पानांवरच्या खुणा

“समासातही बघा हं, मामा,” चपला घालता घालता कुंदाबाई म्हणाल्या.

“बघतो की,” मी म्हणालो. समास म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. बाई गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत मी दारात उभा राहिलो आणि मग हातातली बावीस पानं गादीखाली सारली.

स्टोव्हपाशी बसलेल्या भूमव्वानं, माझ्या बायकोनं, ते पाहिलं. आमच्या घरात बोलणं तेलुगू. इथे मराठीत लिहितो.

“आता वाचणार कोण?” ती म्हणाली. “मी?”

“गप बस.”

“सांगून टाकायचं होतं. अक्षर येत नाही म्हणजे काय चोरी केली?”

“जॉबर होतो मी. चाळीस माणसं होती हाताखाली.”

“त्यांना तरी कुठे माहीत होतं,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

ही एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा पन्नाशीचा होतो. सोलापुरातल्या ज्या गिरणीत सत्तावीस वर्षं काढली ती बंद पडून दोन वर्षं झाली होती, आणि मी टॉवेलच्या एका कारखान्यात माग दुरुस्त करायला जात होतो. मला वाचता येत नाही हे बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. गिरणीत सही करायला शिकलो होतो, तेवढंच. चहाच्या हॉटेलात सकाळी पेपर डोळ्यांपुढे धरायचा, फोटो बघायचे आणि शेजारच्याला म्हणायचं, “वाचलंस का हे?” तो आपण होऊन सगळं सांगायचा. कुणी कागद पुढे केला तर चष्मा घरी राहिलेला असायचा. माझ्याकडे चष्माच नव्हता.

कुंदाबाई हिप्परगेकर कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. वय छत्तीस-सदतीस, अंगानं काडी, खांद्याला कायम फुगलेली पिशवी. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हॅना विदरली नावाची एक कादंबरीकार होऊन गेली. तिचं आयुष्य आणि तिच्या कादंबऱ्या यांवर बाई नऊ वर्षं प्रबंध लिहीत होत्या. हॅनाच्या कादंबऱ्यांत कापडाच्या गिरण्या होत्या, म्हणून बाई एक दिवस युनियनच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या कारकुनानं सांगितलं, “मल्लय्या येमूलला गाठा. माग कुठे आजारी आहे ते तो आवाजावरून सांगतो.”

त्या तीनदा आमच्या घरी आल्या. मी बोलायचो, त्या लिहून घ्यायच्या. माग कसा चालतो, धोटा म्हणजे काय, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा धागा कसा नेतो, त्याच्या पोटात सुताची कांडी कशी बसते, कांडी संपली की काय होतं. बोलण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हतो. बाई मध्येच हॅनाचं काही सांगायच्या. बाप धर्मोपदेशक होता, असं ती स्वतः सांगायची. नऊ ते सोळा या वयात ती तब्येतीसाठी खेड्यात आत्याकडे होती, तेवढ्या सात वर्षांचं एकही पत्र, एकही कागद सापडत नाही.

“तब्येतीला झालं होतं काय?” भूमव्वानं विचारलं होतं.

“ते कुणालाच माहीत नाही, मामी.”

“सात वर्षं आजारी, आणि मग एवढाली पुस्तकं लिहिली? चिवट दिसतेय तुमची हॅनाबाई.”

तेव्हापासून आमच्या घरी तिचं नाव हॅनाबाईच पडलं.

चौथ्या खेपेला बाई ही पानं घेऊन आल्या. प्रबंध इंग्रजीत होता, पण त्यातलं मागावरचं पाचवं प्रकरण त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम मराठीत उतरवलं होतं. बावीस पानं, स्वतःच्या हातानं. “एकेक ओळ तपासा. चुकलं असेल तिथे लाल पेन्सिलीनं फुली मारा, बरोबर असेल तिथे खूण करा. पुढच्या सोमवारी कोल्हापूरला विद्यापीठात द्यायचाय. दोनदा मुदत वाढवून घेतली, आता देणार नाहीत. नोंदणीच रद्द करतील. नऊ वर्षं पाण्यात.” आणि मग ते समासाचं.

आठ दिवस ती पानं माझ्या पाठीखाली होती. कूस बदलली की करकरायची. रोज वाटायचं, आज कुणाला तरी गाठू आणि वाचून घेऊ. पण कुणाला गाठणार? ज्याला म्हणावं तो उद्या हॉटेलात सगळ्यांना सांगणार. दोनदा पिशवीत घालून बाहेर पडलो आणि तशीच परत आणली. आठव्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं, लाल पेन्सिल काढली आणि बसलो.

आमच्या गिरणीत कापड तपासायचं खातं होतं. तागा चांगला निघाला की कडेला खडूनं बरोबरची खूण करायचे, डाग किंवा तुटका धागा असला की फुली. खूण मला छान जमायची. मी पानं एकेक करून पुढे घेतली आणि प्रत्येक पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत खुणा करत गेलो. कुठे तीन, कुठे चार. कुठे जागा कमी होती, तिथे अक्षरांवरूनच ओढली. फुली एकही मारली नाही. बाई चांगल्या होत्या, हुशार होत्या, मी सांगितलेलं त्यांनी नीट लिहूनही घेतलं होतं. चुका असतील कशाला?

शुक्रवारी संध्याकाळी त्या आल्या. मी पानं दिली. त्या उभ्या उभ्याच चाळायला लागल्या.

“एकही फुली नाही?”

“नाही.”

“खरंच, मामा?” त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. “मला तर बाई रात्र रात्र झोप नव्हती. ऋणनिर्देशात पहिलं नाव तुमचं टाकणार आहे. मल्लय्या येमूल, यांनी शब्दन् शब्द तपासला.”

पान उलटता उलटता त्या मध्येच थांबल्या. ते पान पुन्हा वर घेतलं, दिव्याकडे नेलं. गिरणीच्या आवाजात आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो. दहा माग पलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचो, आवाज न काढता. ती सवय सुटत नाही. बाईंचे ओठ किंचित हलले. ‘सांगाल का,’ असं काहीतरी. मला वाटलं, पाणी मागतायत. मी तांब्या आणला.

त्यांनी पाणी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. पान खाली ठेवलं, वरून बाकीची पानं ठेवली, कडा जुळवल्या. मग खाली बसल्या.

“घाई नाही ना तुम्हाला? एक उतारा वाचून दाखवते. हॅनाच्या कादंबरीतला. तुम्ही वाचलाच आहे म्हणा, पण ऐकायला वेगळं वाटतं.”

“वाचा की.”

त्यांनी वाचलं. इतक्या वेळा पुढे ऐकलं आणि वाचलं की अजून तोंडपाठ आहे. गिरणीत काम करणारी मेरियन नावाची पोरकी मुलगी. आई गेल्याचा दुसरा दिवस. ‘मेरियनने धोटा ओठांशी नेला. डोळे मिटले. एक श्वास आत ओढला. जिभेवर ती रोजची आंबूस चव आली. मग तिने मान वळवून खाली जमिनीकडे पाहिले आणि धोटा जागेवर ठेवला. दिवसभरात हे तिने किती वेळा केले, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती.’

माझा हात आपोआप तोंडाशी गेला. पुढच्या दातांना.

“ही तिची प्रार्थना आहे,” बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. “असं मी लिहिलंय. आई गेली, देवळात जायला सवड नाही, म्हणून ती यंत्रातच देव बघते. आपण दसऱ्याला हत्यारांना हात जोडतो तसं. ती आंबूस चव म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या द्राक्षारसाची आठवण. आणि शेवटी नम्रपणे मान झुकवते. सबंध प्रकरण यावर उभं आहे. धर्मोपदेशकाच्या मुलीनं गिरणी लांबून पाहिली आणि तिच्यात प्रार्थना शोधली.”

मी हात तोंडावरून खाली घेतला.

“बरोबर आहे ना, मामा?”

सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग खुणा कशा केल्यात? बावीस पानांवर माझ्या लाल खुणा होत्या.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “देवाचंच करत असणार.”

बाईंनी पानं पिशवीत घातली. दारात जाऊन वळल्या. “सकाळी सहाच्या गाडीनं निघतेय मी. कोल्हापूरची. काही आठवलं-बिठवलं तर स्टँडवर या. सहाची गाडी, मामा.”

त्या गेल्या आणि मला घरात बसवेना. कारखान्याकडे गेलो, तिथून परत फिरलो. हॉटेलात चहा मागवला आणि न पिता उठलो. जेवायला बसलो आणि भाकरी नुसती कुस्करत राहिलो.

“काय झालं?” भूमव्वा म्हणाली.

मी सांगितलं. धोट्याचं सांगितलं. ती सूत गुंडाळायच्या खात्यात होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती आधी हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला. “प्रार्थना? अगं बाई! मग तुम्ही केवढे देवभक्त! दिवसाला तीनशे वेळा!”

मीही हसलो. मग दोघांचंही हसणं थांबलं.

“सोमवारी ती हे मोठ्या लोकांपुढे ठेवणार,” ती म्हणाली. “आणि वर तुमचं नाव.”

“त्या लोकांना तरी कुठे माग माहीत आहे? कुणाला कळणार नाही.”

“तुम्हाला कळलंय ना?”

सकाळी साडेपाचाला मी घराबाहेर पडलो. फळीवरचा माझा जुना धोटा पिशवीत घेतला, त्यात कांडीही होती. का घेतला ते सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं जायला भीती वाटत होती. रिक्षा मिळाली नाही. पळत, चालत, पळत स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुरू झालेली, ड्रायव्हर नुसता इंजिन रेटत होता. बाई तिसऱ्या खिडकीत होत्या. मान बाहेर काढून त्या फाटकाकडेच बघत होत्या.

मी खिडकीखाली उभा राहिलो आणि सांगितलं. पण सवयीनं, गिरणीत सांगायचो तसं, नुसत्या ओठांनी. आवाज बाहेर आलाच नाही.

“काय?” बाई ओरडल्या. “ऐकू येत नाही!”

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच.

“मोठ्यानं बोला, मामा!”

मग मी ओरडलो. मागाच्या खात्यात कधी ओरडलो नसेन एवढ्या मोठ्यानं ओरडलो. “मला वाचता येत नाही! अक्षर येत नाही मला!”

सगळ्या खिडक्यांत माणसं आली. दारात उभा असलेला कंडक्टर खाली वाकला. “त्यात काय, मामा? पाटी वाचता आली नाही तर विचारायचं. ही कोल्हापूरच आहे. चढा!”

गाडीत हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, दोन माणसांच्या पायांवरून आल्या आणि पिशवीसकट खाली उतरल्या.

“बाई, तिकीट फाडलंय!” कंडक्टर म्हणाला.

“राहू दे.”

“सोडू का गाडी?”

बाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला अजून वाटतं, त्या वेळी मी जर म्हणालो असतो, जा बाई, तर त्या गेल्या असत्या. मी म्हणालो नाही.

“सोडा,” त्या म्हणाल्या.

आम्ही बाकावर बसलो. मी मान खाली घालून सांगितलं, पानं वाचली नाहीत, खुणा आपल्याच मनानं केल्या. त्या रागावतील म्हणून वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, “बरं. आणि प्रार्थनेचं?”

मी धोटा काढला. कांडी बसवली, सुताचं टोक आत सोडलं. “हे टोक या भोकातून बाहेर काढल्याशिवाय धोटा चालत नाही. बोटानं निघत नाही. साहेबांनी तारेचे आकडे दिले होते, पण आकड्यानं वेळ लागतो. म्हणून असं.” मी भोकाला तोंड लावलं आणि श्वास आत ओढला. सूत ओठांवर आलं. “झालं. कांडी संपली की दुसरी, पुन्हा तोंड. दिवसभर.”

बाई बघत राहिल्या.

“डोळे का मिटले तिनं?”

“तोंड जवळ नेलं की सुताची बारीक पिंजर उडते, डोळ्यांत जाते.”

“चव?”

“सुताला लावलेली खळ. पिठाची असते, शिळी झाली की आंबते. वर मागाचं तेल.”

“आणि मान झुकवली ती?”

“थुंकली असणार बाई. तोंडात पिंजर राहते ना. थुंकली, हे काय पुस्तकात लिहायचं? म्हणून नुसतं जमिनीकडे पाहिलं असं लिहिलं.”

बाईंनी धोटा माझ्या हातातून घेतला. उलटसुलट केला. “मामा, हे तिनं गिरणी बघायला जाऊन पाहिलं असेल?”

“तोंड लावलेलं दिसेल. डोळे मिटलेले दिसतील. चव कशी दिसेल, बाई?”

मी माझा वरचा ओठ बोटानं उचलला आणि पुढचे दात दाखवले. दोन दातांच्या मधे खाच पडलेली, तिसरा अर्धा. “सगळ्या साळ्यांचे असेच. सूत ओढून ओढून, तोडून तोडून.”

बाईंचा चेहरा पांढरा झाला. “तिच्या एका पत्रात आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “चोविसाव्या वर्षी तिनं पुढचे चार दात काढून घेतले. मी तळटीप दिलीय, तिला गोड फार आवडत असावं म्हणून.” मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “सात वर्षं. आत्या नव्हतीच कुणी, गिरणी होती. नऊ वर्षं मी तिला चर्चमध्ये बसवून ठेवलंय, मामा.”

“तिनं जन्मभर लपवलं ना हे?” मी विचारलं. “मग आपण कशाला उघडं करायचं?”

“लपवलं कुठे? लिहून ठेवलंय तिनं. वाचणारं कुणी भेटलं नव्हतं.”

“आणि तुमचा सोमवार?”

“सोमवारपर्यंत एक प्रकरणही होणार नाही नवीन,” त्या म्हणाल्या. गाडी गेली होती त्या रस्त्याकडे बघून त्यांनी नाक पुसलं. “चला. आधी चहा घेऊ. मग पहिल्यापासून सांगा.”

त्यांची नोंदणी रद्द झाली. पुन्हा अर्ज, पुन्हा मार्गदर्शक, पुन्हा चार वर्षं. मधल्या काळात विभागप्रमुखाची जागा त्यांच्यापेक्षा लहान माणसाकडे गेली. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. दर रविवारी मात्र मला घरी बोलावत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एक्कावन्नाव्या वर्षी ‘ग म भ न’ गिरवलं. प्रबंध झाला तेव्हा ऋणनिर्देशातलं माझं नाव मी स्वतः वाचलं, बोट ठेवून.

आता मी ब्याऐंशीचा आहे. भूमव्वा गेली. बाई निवृत्त होऊन धारवाडला बहिणीकडे राहतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून एक पाकीट आलं. घर आवरताना सापडलं, एवढंच वर लिहिलेलं. आत ती बावीस पानं होती. आता माझ्याकडे खरोखरीचा चष्मा आहे. तो लावला आणि पहिल्यापासून वाचायला बसलो. कागद पिवळे पडलेत, माझ्या लाल खुणा मात्र ठसठशीत आहेत.

चौदाव्या पानावर मेरियनचा उतारा आहे. त्याच्या कडेला, समासात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात चार ओळी लिहिलेल्या. त्यांच्यावरून माझी खूण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली.

‘मामा, ती धोटा ओठांशी का नेत असेल? प्रार्थना असावी असं धरून मी पुढचं लिहिलंय, पण मला खात्री नाही. हेच चुकलं तर सगळंच चुकलं. सांगाल का?’

ते दोन शब्द मी शुक्रवारी संध्याकाळी, दिव्याखाली, त्यांच्या ओठांवर वाचले होते. आणि पाणी आणून दिलं होतं.

मी खणातून लाल पेन्सिल काढली, टोक केलं, आणि खुणेच्या खाली जेवढी जागा उरली होती तेवढ्यात लिहिलं.

‘सूत ओढायला, बाई. चूक माझी आहे, ही खूण फुली समजा.’